घमेल्याचा हिशेब

गेल्या वैशाखात, भट्ट्यांवरून माणसे परत आल्यावर आणि पाऊस पडायच्या आत, आमच्या बचत गटातल्या अठरा जणी कोंडाण्याची लेणी बघायला गेलो. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत रिक्षा, तिथून पुढे राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून चढ. बहुतेकींच्या पायाखालची वाट. करवंदांना, लाकूडफाट्याला, लहानपणी बकऱ्यांमागे या बायका तिथे गेलेल्या होत्या. लेणी ‘बघायला’ म्हणून मात्र कुणीच गेले नव्हते. “बघायला जायचं ते मुंबईच्या लोकांनी,” असे एकीने मला आधी सांगितलेही होते.

चैत्यगृहात शिरल्यावर सगळ्या थोडा वेळ गप्प झाल्या. बाहेर ऊन रणरणत होते, आत गारवा होता. गटातल्या सगळ्यांत वयस्क मावशींनी भिंतीवर तळहात ठेवला, वर कमानीकडे बघितले आणि मला विचारले, “ताई, येवढा दगड आतून काढला, तो टाकला कुठं? आन् व्हायला कुनी?”

मी तयारी करून गेले होते. बौद्ध भिक्षू, सातवाहनांचा काळ, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून घाटावर जाणारा व्यापारी मार्ग, वर्षावासाची गरज, सगळे सांगायला घेतले होते. या प्रश्नाचे उत्तर त्यात कुठेच नव्हते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना मी ‘श्रम’ या विषयावर पानेच्या पाने लिहिली, पण प्राचीन वास्तूसमोर उभी राहिले की मीही शाळेतल्या पुस्तकासारखीच बोलते. कुणी बांधले? अमक्या राजाने. केव्हा? तमक्या शतकात. वीस वर्षे डोक्यावरून विटा वाहिलेल्या बाईला मात्र दगड दिसला की आधी त्याचे ओझे दिसते.

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडले नाही. त्यातून जे सुचले ते तुमच्यापुढे ठेवते.

एक लाख खेपा

कोंडाण्याची लेणी इसवी सनाच्या आधीच्या एक-दोन शतकांतली. डोंगराच्या कुशीत एक चैत्यगृह, शेजारी विहार, लहानमोठी मिळून सोळा लेणी. दर्शनी भागाची बरीच पडझड झाली आहे, तरी वरची पिंपळपानी कमान आणि लाकडी घराची हुबेहूब नक्कल करणाऱ्या दगडी तुळया अजून दिसतात. नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या दगडात कोरलेल्या आहेत. त्या बायकांना फार आवडल्या.

लेणे बांधत नाहीत, कोरतात. म्हणजे दगड आणून रचायचा नाही, असलेला दगड काढून टाकायचा. पाथरवट छताकडून सुरुवात करतो आणि खाली येत जातो. जे उरते त्याला आपण वास्तू म्हणतो. जे काढले गेले त्याला नावच नाही.

कोंडाण्याचे चैत्यगृह सुमारे ६६ फूट लांब, २६ फूट रुंद आणि २८ फूट उंच आहे. तिथेच बसून आम्ही हिशेब मांडला. खांब, स्तूप, छताची गोलाई वजा केली तरी तीस हजार घनफुटांच्या आसपास पोकळी निघते. काळ्या दगडाचा एक घनफूट म्हणजे ऐंशी किलोच्या घरात. बाईच्या डोक्यावरचे घमेले वीस किलोचे धरा. एका घनफुटाच्या चार खेपा झाल्या. म्हणजे एका चैत्यगृहामागे सव्वा लाखाच्या आसपास खेपा! तेही छिन्नीचा आवाज, धूळ आणि पायाखाली धारदार कपच्या असताना. पंधरा लेणी अजून बाकीच आहेत. घाट चढून कार्ल्याला गेलात तर तिथले चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद, भारतातले सर्वांत मोठे. तिथला हिशेब तुम्हीच करून बघा.

कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एक लेख आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, एकच ओळ. कान्हाचा शिष्य बलुक याने हे केले, असा त्याचा अर्थ. शेजारी मोडक्या मूर्तीच्या मस्तकाचा भाग आहे. मला ही ओळ फार मोलाची वाटते. राजाचे, शेटजींचे नाव नाही. काम करणाऱ्याचे नाव आहे, आणि ज्याच्या हाताखाली तो शिकला त्या गुरूचेही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका कारागिराला आपल्या कामाखाली सही करावीशी वाटली आणि करता आली.

मी ती ओळ वाचून दाखवली तेव्हा एका तरुण मुलीने विचारले, “आनि बाईचं नाव?”

देणारीचे नाव

बाईचे नाव आहे. कोंडाण्यात नाही, पण आसपासच्या लेण्यांत आहे, आणि एक नाही, बरीच आहेत.

कार्ल्याच्या चैत्यगृहात गृहस्थ महादेवणक याची आई भायिला हिच्या दानाचा लेख आहे. तिथेच कोडी नावाच्या भिक्षुणीने वेदिकेचे दान दिल्याचा लेख आहे. ती घुणिकाची आई होती आणि ते काम नंदिक याने केले, एवढेही त्यात नोंदलेले आहे. बेडशाला पाण्याच्या टाक्यावर महारठिनी सामडिनिका हिचे नाव आहे, महाभोजाची मुलगी आणि आपदेवणकाची पत्नी. आपल्याच रायगड जिल्ह्यात, तळा तालुक्यातल्या कुडा लेण्यांत भायिला नावाची आणखी एक बाई भेटते. ती ब्राह्मण उपासक अयितिलू याची पत्नी, आणि तिने एक अख्खे चैत्यगृह दिले. तिथेच पदुमनिका नावाच्या भिक्षुणीने बोधि आणि असाळ्हमिता या शिष्यिणींसह लेणे आणि पाण्याचे टाके दिले. पदुमनिकेची आई नागनिका, तीही प्रव्रजित. म्हणजे या एका लेखात चार बायकांची नावे एकत्र आहेत. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री आहे, सातकर्णीची आई. तिचा मुलगा गौतमीपुत्र म्हणूनच इतिहासात ओळखला गेला.

ही नावे वाचताना आनंद होतो. आपल्या शिबिरांत ती सांगितली पाहिजेत, कारण ‘बाईचे नाव पूर्वी कुठे लागत नव्हतेच’ हे आपल्याला इतक्यांदा ऐकवले गेले आहे की आपल्यालाही ते खरे वाटू लागते. पण आनंदाच्या भरात ‘प्राचीन काळी स्त्रीला किती मान होता’ असे म्हणायला मी तयार नाही. त्या वाक्याने आजच्या बाईच्या हातात काहीच पडत नाही. शिवाय नावे नीट वाचली तर दिसते की बहुतेक जणी कुणाची तरी आई, मुलगी किंवा पत्नी म्हणून दगडावर आल्या आहेत. भिक्षुणींनी घर सोडले तरी कोडीच्या नावापुढे मुलाचे नाव लागले.

माझ्या लेखी या नावांचा अर्थ साधा आहे. त्या काळातल्या काही बायकांच्या हातात देण्यासारखे काही होते आणि ते देण्याचा निर्णय त्यांच्या नावावर नोंदवला गेला. ज्या बाईकडे देण्यासारखे धन होते तिचे नाव कोरले गेले. जिच्याकडे फक्त पाठ आणि मान होती तिचे राहिले नाही.

त्या सव्वा लाख खेपा कुणी टाकल्या याबद्दल शिलालेख गप्प आहेत. पाथरवटाचे नाव आहे, दात्याचे आहे, खेपा टाकणारा पुरुष असो की बाई, तो कुठेच नाही. कुणी म्हणेल की बायका तिथे होत्या याला पुरावा काय? मी म्हणते, ज्या कामाची नोंदच ठेवायची नाही असे ठरलेले असते, त्याचा पुरावा राहणार कुठून?

जगातली जुनी हजेरी

हे आपल्याकडेच घडले असे समजू नका. इजिप्तचे पिरॅमिड आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात बघितले. खुफू राजाचा मोठा पिरॅमिड साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, मुळात ४८० फुटांच्या आसपास उंच, त्यात अंदाजे २३ लाख दगड. ते चाबकाच्या फटक्यांखाली गुलामांनी रचले, असे सिनेमांनी आपल्या मनावर बिंबवले. १९९० साली गिझाला पिरॅमिडजवळच कामगारांची दफनभूमी सापडली आणि चित्र बदलले. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत ज्यांना मानाने पुरले ते गुलाम नव्हते, कामकरी होते. त्यांच्या सांगाड्यांत कमरेच्या मणक्यांची आणि गुडघ्यांची झीज दिसते. पुरुषांच्या हाडांत दिसते तशी बायकांच्याही हाडांत दिसते. हे वाचले तेव्हा मला आमच्या आरोग्य शिबिरातली रांग आठवली. चाळिशीच्या आतल्या बायका, तक्रार एकच: कंबर आणि गुडघे.

त्याच इजिप्तमध्ये पुढे राजे लोक डोंगरात कबरी कोरून घेऊ लागले, म्हणजे आपल्या लेण्यांसारखेच काम. त्या कबरी कोरणाऱ्या कारागिरांची वस्ती देर अल्-मदिना इथे होती. तिथली एक हजेरी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चुनखडीच्या कपचीवर शाईने लिहिलेली, दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षातली, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. सुमारे ४० पुरुषांची नावे, वर्षातले २८० दिवस, आणि कोण कोणत्या दिवशी का आला नाही याची कारणे. कुणी आजारी, कुणाला विंचू चावला, कुणी नातेवाइकाला पुरायला गेला, कुणी बीअर गाळत होता. आणि काही दिवसांपुढे कारण लिहिले आहे की त्याच्या बायकोला किंवा मुलीला रक्तस्राव होत होता.

मैत्रिणींनो, विचार करा. जगातल्या इतक्या जुन्या हजेरीपटात बाई आहे, पण कशी? पुरुषाच्या खाड्याचे कारण म्हणून! त्या ४० जणांसाठी दळण, पाणी, भाकरी करणाऱ्या हातांना तिथे रकाना नव्हता.

याच वस्तीतल्या कारागिरांनी इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, मजुरीचे धान्य थकले म्हणून काम बंद केले आणि देवळामागे जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला हा पहिला संप मानतात. त्यांना तो करता आला याची जी अनेक कारणे असतील, त्यांतले एक मला स्पष्ट दिसते. त्यांची नावे, दिवस आणि देणे कुठेतरी लिहिलेले होते. हिशेब असला की थकबाकी मागता येते.

नाव लागले म्हणजे सगळे झाले असेही नाही. हत्शेपसुत ही बाई इजिप्तची राजा झाली, ‘राणी’ नव्हे, राजा. तिने देर अल्-बहरीला डोंगराच्या कड्याला बिलगलेले देऊळ बांधले. तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तिसऱ्या थुतमोसच्या काळात तिची नावे आणि प्रतिमा छिन्नीने खरवडून काढल्या गेल्या. सिंहासनावर बसलेल्या बाईचे नाव खोडले जाते, तर घमेले उचलणारीचे लिहिलेच जात नाही. या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत. पण छिन्नी कुणाच्या हातात आहे हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

आपला घाट

इतक्या दूर जायचेही कारण नाही. कर्जत-खोपोलीच्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांसमोर एक प्रचंड बांधकाम आहे: बोरघाटातला रेल्वेमार्ग. १८५६ साली काम सुरू झाले, एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला. सुमारे १६ मैलांच्या अंतरात अठराशे फुटांची चढण, २५ बोगदे. १८६१ साली एका वेळी ४२ हजार माणसे या घाटात राबत होती. पटकीने आणि तापाने हजारो मेली. मजुरी थकली म्हणून जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला, तेव्हाच्या ठेकेदाराला काम सोडावे लागले. नंतर ठेका घेतला सॉलोमन ट्रेडवेल याने. तो इथे आला आणि त्याच वर्षी मेला. त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडला नाही. दोन इंजिनियरांकडे कामाची व्यवस्था सोपवून तिने तो पुरा करून दिला.

म्हणजे आपला घाट एका विधवा बाईच्या ठेक्याखाली पुरा झाला! ही गोष्ट मी शाळेतल्या मुलींना आवर्जून सांगते. पण सांगताना दुसरी बाजूही सांगते. त्या ४२ हजारांत बायका होत्या, मुले होती. पुरुषाने खणायचे नि बाईने माती वाहायची, ही जोडीने काम करण्याची पद्धत तेव्हाही होती. अॅलिसचे नाव इतिहासात आले कारण ठेका तिच्या नावावर होता. घमेलेवाल्या बाईशी कुणाचा करारच नव्हता. मजुरी मुकादमाकडे, मुकादमाकडून कुटुंबातल्या पुरुषाकडे. कार्ल्यातली भायिला आणि घाटातली अॅलिस यांच्यामध्ये अठराशे वर्षे गेली, पण नाव लागण्याची अट बदलली नाही.

जोडी

आता आजचे बघू. आमच्या कर्जत-खालापुरात दिवाळीनंतर कातकरवाड्या ओस पडतात. माणसे वीटभट्टीवर जातात, काही जवळच्या, काही लांबच्या जिल्ह्यातल्या. पावसाआधी परततात. भट्टीवर मजूर माणसावर मोजत नाहीत, जोडीवर मोजतात. जोडी म्हणजे नवरा-बायको. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालक उचल देतो, ती नवऱ्याच्या हातात. भट्टीवर दर आठवड्याला खर्ची मिळते, ती नवऱ्याच्या हातात. हजार विटांमागे जो दर ठरेल तो जोडीचा. हंगाम संपला की वही उघडते, उचल आणि खर्ची वजा होते, उरले तर मिळते, नाही तर पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. वहीत नाव एकच.

बाई पहाटे तीनला उठते, गारा करायला हात लावते, साचा भरते, ओल्या विटा उलटते, सुकलेल्या विटा चुंबळीवर घेऊन भट्टीपर्यंत वाहते. मधल्या वेळात भाकरी, पाणी, पोर. तिच्याविना जोडी होत नाही, एकट्या पुरुषाला कुणी उचलही देत नाही. आणि वहीत ती नाही.

याचा अर्थ काय होतो ते मी तीन वर्षांपूर्वी जवळून बघितले. आमच्या गटातल्या एकीच्या पायावर एका भट्टीवर विटांचा थर कोसळला, पाऊल चिरडले. औषधपाण्याचा खर्च आणि भरपाई मागायला आम्ही गेलो. मालक शांतपणे म्हणाला, “ही कुठं आमच्याकडे कामाला होती? नवऱ्याबरोबर राहायला आली होती.” त्याने वही पुढे केली. खरेच, वहीत तिचे नाव नव्हते. सात हंगाम ती तिथे राबली होती आणि आम्हाला ते सिद्ध करता येईना. शेवटी वाडीतल्या लोकांनी मिळून बोलणे लावले तेव्हा थोडेफार पैसे हाती आले, तेही ‘माणुसकी म्हणून’. हक्क म्हणून नाही.

त्या दिवशी मला मालकाचा राग आला. रात्री मात्र स्वतःचीच लाज वाटली. मी या भागात आले तेव्हा पहिली पाहणी मीच केली होती. फॉर्म मी आखला होता. पहिला रकाना ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’. आणि शंभरावर घरांत, ‘पत्नीचा व्यवसाय’ या रकान्यात मी स्वतःच्या हाताने ‘घरकाम’ लिहिले होते. जिच्या हातांना माझ्यासमोर गाऱ्याच्या भेगा पडलेल्या होत्या तिच्या नावापुढे! मालकाच्या वहीत आणि माझ्या फॉर्मात तेव्हा फरक काय होता?

नाव म्हणजे कर्जही

वहीत बाईचे नाव स्वतंत्र लावा, मजुरी तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात द्या, अशी मागणी आम्ही गटात मांडली तेव्हा मला वाटले होते की बायका उचलून धरतील. तसे झाले नाही. एकीने विचारले, “ताई, नाव लागलं म्हंजी उचलपन माझ्या नावावर लागंल ना? आज तो पितो, उडवतो, पर फेडायचं त्याच्या नावावर हाय. उद्या मला धरतील.”

दुसरी म्हणाली, नवरा भट्टीवर मारतो ते खर्चीवरून मारतो, पैसे वेगळे झाले तर जास्त मारेल. तिसरीला भीती की मालक म्हणेल, ही कटकट नको, दुसऱ्या वाडीची जोडी आणतो.

ही भीती खोटी नाही. बाहेरून येऊन ‘हक्क मागा’ म्हणणे सोपे असते. त्या मागणीचा मार कुणाला खावा लागेल याचा विचार आपण कार्यकर्त्यांनी आधी केला पाहिजे. पण त्याच बैठकीत एक विधवा बाई बसली होती. ती म्हणाली, “माझं नाव नव्हतं वहीत. तो मेला. दुसऱ्या हंगामाला मालकाचा मानूस आला. म्हनला, जोडीची उचल हाय, निम्मी तुझी. मंग मी भावाला घेऊन जाऊन दोन वर्सं फेडली.” सगळ्या गप्प झाल्या. कर्जासाठी जोडी होती, मजुरीसाठी नव्हती. नाव नसल्याने तिचे कर्ज टळले नाही, मजुरीवरचा हक्क तेवढा गेला.

कायद्याच्या बाजूने बघितले तर उचलीच्या बोज्याखाली माणसाला कामाला बांधून ठेवणेच बेकायदा आहे. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा. समान कामाला समान वेतनाचा कायदाही त्याच वर्षीचा, जो आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे. कागदावर आपल्याजवळ बरेच आहे. पण समान वेतन मागायला आधी दोन मजूर लागतात, आणि वहीत मजूर एकच असतो. बाई मजूर म्हणून नोंदलीच नाही तर तिला कमी दिले हे सिद्ध कसे करणार? म्हणून मला नोंद ही पहिली पायरी वाटते.

नोंद झाल्याने काय फरक पडतो हे महाराष्ट्राने बघितलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर बायकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, रस्ते केले. तिथे मस्टर होते आणि मस्टरवर बाईचे नाव लागत असे. त्यात गफलती होत्या, मजुरी थकत होती, खोटे अंगठे उठत होते. तरीही त्या मस्टरच्या जोरावर गावोगाव बायकांनी तहसील कचेरीवर मोर्चे नेले. ‘माझे इतके दिवस भरले’ असे म्हणायला त्यांच्याकडे कागद होता.

मग करायचे काय

माझ्या मते मागण्या तीनच, पण त्या चिकाटीने लावून धरायच्या.

पहिली, प्रत्येक भट्टीवर, प्रत्येक बांधकामावर दर माणसामागे एक ओळ. जोडी हे मोजमाप बंद. मजुरी ज्याची त्याच्या हातात. आमच्याकडे बंगले, फार्महाऊस, रिसॉर्ट यांची कामे बारा महिने चालू असतात. तिथेही बिगारी बायका ‘मिस्त्रीच्या माणसांत’ मोजल्या जातात. नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला मिळाला तर बांधकाम कामगार म्हणून मंडळाकडे नोंदणी होते. तो दाखला बाईच्या स्वतःच्या नावाने मागितला पाहिजे.

दुसरी, नाव लावताना उचल वेगळी लिहायची. ज्याने घेतली त्याच्या नावावर, त्याच्याच सहीने. बाईने न घेतलेल्या पैशाला बाईची पाठ जामीन नाही. ही गोष्ट एकटीने बोलायची नाही. भट्टीवर जायच्या आधी, वाडीत, सगळ्यांच्या देखत, पुरुषांना बरोबर बसवून बोलायची. आमच्या दोन वाड्यांत गेल्या हंगामाआधी अशा बैठका झाल्या. एका वाडीत पुरुषांनी ऐकून घेतले, दुसरीत उठून गेले. जिथे ऐकले तिथल्या बायकांनी शाळकरी मुलींकडून साध्या वहीत रोजच्या विटा लिहून घेतल्या. मालकाची वही बदलली नाही. पण हंगामाच्या शेवटी पहिल्यांदाच दोन वह्या समोरासमोर आल्या, आणि आकडे जुळले नाहीत तेव्हा बोलता आले.

तिसरी मागणी आपल्या स्वतःकडे. आपले पाहणीचे फॉर्म, आपल्या संस्थांचे अहवाल, आपल्या घराच्या बांधकामाच्या पावत्या तपासा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्रात झाला. चांगलेच झाले. गौतमीपुत्राच्या मुलखात हे व्हायला दोन हजार वर्षे लागली, असो. पण आई म्हणून नाव लागणे वेगळे आणि कामकरीण म्हणून लागणे वेगळे. कार्ल्यातल्या भायिलेचे नाव आई म्हणूनच लागले आहे. आपल्याला त्याच्या पुढे जायचे आहे.

कोंडाण्याहून उतरताना मावशी माझ्यापुढे चालत होत्या. मी त्यांना म्हटले, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. त्या म्हणाल्या, “दगड खाली दरीत टाकला असंल. तेवढं कळलं मला.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “व्हायला कुनी ते ल्हिलं असतं तर त्यांना दोन पैसं जास्ती मागता आलं असतं.”

या दिवाळीनंतर भट्ट्या पुन्हा लागतील. तुमच्या भागात भट्टी असेल, खडीची खाण असेल, नाही तर शेजारी इमारत उभी राहात असेल. तिथे एकदा जा आणि हजेरीची वही बघायला मागा. तिच्यात बायकांची नावे किती, ते मोजा, आणि आम्हाला कळवा.